फ्लेक्सवरच्या खाचा

तात्याबाचा स्वभाव असा, की ताटातल्या मिठालाही तो विचारील, बाबा, तू खारट कावून? चकलांब्याच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरं वळलेला माणूस. बाजारातला व्यापारी, इलेक्शनला हात जोडत येणारा पुढारी, मोबाईलवर गोड बोलणारी बाई, सगळ्यांकडं तो डोळे बारीक करूनच बघायचा. त्याचा संशय एकाच जागी थांबायचा. टाळ-मृदंग वाजला, महाराजांनी चाल धरली, की हाच तात्याबा लोण्यासारखा विरघळायचा. मांडवात बसून गालावरचं पाणी उपरण्यानं पुसायचा. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, "घरात माझं एक वाक्य खरं वाटत न्हाई ह्यांना, आन् मांडवात सगळंच खरं!"

अशा माणसाच्या पोटी उज्ज्वला. एम.एस्सी. करून गावी परतलेली. सकाळी गेवराईच्या एका क्लासवर पोरांना फिजिक्स शिकवायची. दुपारी घरी यायची आणि दार लोटून लॅपटॉप उघडून बसायची. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणायची, "तारे बघते."

भर दुपारी. दार लावून. पत्र्याच्या घरात बसून तारे.

आता संशय यायला तात्याबाच कशाला पाहिजे? कुणालाही आला असता.

"आबा, मी न्हाई बघत. वर अवकाशात एक दुर्बीण फिरती, ती बघती. एकेका ताऱ्याकडं महिना महिना टक लावून. त्याचा उजेड किती, ते लिहून ठेवती. ते आकडे सगळ्यांना खुले हायेत. त्यात हुडकायचं."

"काय हुडकायचं?"

"ग्रह. आपल्या सूर्याभोवती जशी पृथ्वी, तसे त्या ताऱ्यांभोवती."

"दिसतेत?"

"न्हाई. ग्रह दिसत न्हाई. तो ताऱ्याच्या पुढून गेला की ताऱ्याचा उजेड इवलासा कमी होतो. रुपयातला अर्धा पैसा म्हणा. रेघेत खाच पडती. तशीच खाच ठरल्या वेळानं परत परत पडली, की समजायचं, काहीतरी फिरतंय."

"म्हणजे जे दिसत न्हाई, ते हाय म्हणायचं," तात्याबा म्हणाला, "आन् तुला हे शिकवतंय कोण?"

पुण्यातले एक सर होते. उज्ज्वलासारखी दहा-बारा पोरंपोरी फोनवरून त्यांच्याकडून शिकत. फी नाही. तात्याबाला तेच खुपलं. फुकट शिकवणारा माणूस! मग त्याला पाहिजे काय? फोनवर इंग्रजीत तासभर बोलणं, मधेच हसणं, आणि 'आबा, जरा बाहेर जा' म्हणणं. एक दिवस तो काळीपिवळीत बसून तिच्या मागं गेवराईला गेला. क्लासच्या खिडकीखाली उकिडवा बसला. पोरांनी बघितलं आणि एकच खसखस पिकली. उज्ज्वला फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या हातातला खडू मोडला होता.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "आबा, मी तुमची लेक हाय का तुमच्या कळपातलं चुकार मेंढरू?"

ते तात्याबाला लागलं. आठ दिवस जेवण गोड लागेना.

मग मार्गशीर्षात सप्ताह बसला. सात दिवस अखंड हरिनाम. त्यात वीणेचा नेम कडक. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले. तात्याबाचा पहारा दुपारी बारा ते दोन. पहिल्या दिवशी त्यानं वीणा गळ्यात घेतली तेव्हा उज्ज्वला मांडवात दर्शनाला आलेली. तात्याबानं तिला जवळ बोलावलं आणि वीणेच्या भोपळ्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरी, ही गळ्यात हाय. हिच्या साक्षीनं सांगतो. इथून पुढं तुझ्यावर संशय घेणार न्हाई. तू म्हणशील ते खरं."

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून पाया पडली.

त्याचा तो पहारा चालू असतानाच फ्लेक्स लागला.

त्याचं असं झालं. उज्ज्वलाला एका ताऱ्याच्या रेघेत खाचा सापडल्या होत्या. सरांनी सांगितलं होतं, ग्रह असू शकतो, अजून तपासायचं आहे. ही बातमी रामकिसनअण्णांच्या कानावर गेली. अण्णा म्हणजे गावातले बागायतदार, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, पंचायत समितीवर डोळा ठेवून असलेले. त्यांनी लगेच ठरवलं: काल्याच्या कीर्तनात पोरीचा सत्कार. गेवराईहून वीस फुटी फ्लेक्स करून आणला. वर अण्णांचा फोटो टरबुजाएवढा, उज्ज्वलाचा लिंबाएवढा, मोठ्या अक्षरांत 'चकलांब्याच्या कन्येने शोधले नवे जग', आणि खाली तिची ती रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सत्तावीस दिवसांची रेघ, त्यात दहा खाचा.

"अण्णा, 'संभाव्य' लिहा म्हणलं होतं मी," उज्ज्वला म्हणाली.

"लिहिलं होतं. काढलं. संभाव्य वाचलं की लोकांना वाटतं उमेदवार हाय."

फ्लेक्स बांधला मांडवाच्या डाव्या अंगाला. वीणेकरी उभा राहायचा त्याच्या बरोब्बर समोर.

पहिला दिवस तात्याबानं नुसतं कौतुकानं बघितलं. गळ्यात वीणा, ओठांवर रामकृष्णहरी, डोळ्यांपुढं लेकीचं जग. तिनंच सांगितलं होतं, तिथलं वरीस पावणेतीन दिवसांचं. तिथल्या सूर्याला इतकं चिकटून फिरतं, की सोमवारी पाडवा झाला तर गुरुवारी परत पाडवा. "तिथं माणसं असतील का गं?" त्यानं विचारलं होतं. "तापलेल्या तव्यावर कुणी संसार मांडतं का, आबा?" ती हसून म्हणाली होती. हे आठवून तो उभ्या उभ्या हसला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याची नजर रेघेवर ठरली. दोन तास एका जागी उभं राहायचं, समोर तेवढंच. नजर दुसरीकडं जाणार कुठं? आणि ही नजर साधीसुधी नव्हती. चाळीस वर्षं तिनं माळावरची माती वाचलेली.

पहिली खाच खोल. दुसरी तिच्याहून कणभर उथळ. तिसरी खोल. चौथी उथळ. पाचवी खोल.

तात्याबाचा नामजप चुकला.

त्याला लांडग्याचा माग आठवला. तरणा असताना एकदा ओढ्याच्या रेतीत त्यानं ठसे बघितले होते. एकाच ओळीत पडलेली पावलं. एकच जनावर आहे म्हणून तो एक कुत्रं घेऊन निवांत राहिला, आणि आले दोन. एकानं कुत्र्याला खेळवलं, दुसऱ्यानं अकरा कोकरं नेली. सकाळी त्याचा बाप त्याला त्या रेतीत घेऊन गेला आणि बोटानं दाखवलं: "नीट बघ, बे. एक पाऊल खोल, एक उथळ, परत एक खोल. एकामागं एक चालले ते. लांडगा दिसत नसतो, खूण दिसती. आन् खूण नीट वाचली न्हाई तर कोकरं जातेत."

ही रेघसुद्धा तशीच पडली होती. एक खोल, एक उथळ.

'छे,' तात्याबानं स्वतःला दटावलं. 'कालच शपथ घेतली आन् आज परत तेच? तुझा स्वभावच कुजका, तात्या.' त्यानं डोळे मिटून घेतले. पण मिटल्या डोळ्यांपुढंही खाचा होत्याच.

तिसऱ्या दिवशी पहारा संपवून त्यानं वीणा पुढच्या माणसाच्या गळ्यात दिली आणि खिशातून लोकरीचं सूत काढलं. मेंढरांमागं चालता चालता स्वतःच कातलेलं. इकडंतिकडं बघून तो फ्लेक्सजवळ गेला. खाचेच्या वरच्या काठाला सुताचं टोक धरलं, तळाला गाठ मारली. तीच गाठ पुढच्या खाचेच्या काठाला. गाठ. पुढची. गाठ. दहाच्या दहा मोजल्या. पाच गाठी एका मापाच्या, पाच दुसऱ्या. एका आड एक.

मागून शेजारची केसरबाई आली. भाकरीची परात डोक्यावर, आणि डोळे सुतावर.

"काय करतासा, तात्याबा भावजी? लेकीच्या फोटोखाली गाठी?"

"काई न्हाई. दृष्ट काढतोय."

"लोकरीच्या सुतानं?"

"आमच्यात अशीच काढतेत."

केसरबाई मान हलवत गेली, पण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात झालं, की तात्याबा स्वतःच्याच लेकीवर काहीतरी करतोय.

तात्याबा बिचारा अजून स्वतःलाच खोटं पाडायच्या मागं होता. चौथ्या दिवशी तो गेवराईला गेला, फ्लेक्सवाल्या आदिनाथकडं.

"तू ही रेघ वाकडी छापलीस का रे?"

"काका, मशीन हाय ती. तिला काय, जशी फाईल तशी रेघ. मी फक्त मोठी केली." आदिनाथनं कम्प्युटरवर मूळ फाईल उघडली. "कावून? फोटो लहान आला म्हणून ओरडायला आलात का? ते अण्णांनी सांगितलेलं हाय, मला बोलू नका."

तात्याबानं पडद्यावर नाक टेकवून बघितलं. एक खोल, एक उथळ. मशीनचा दोष नव्हता. आता संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही.

परतीच्या काळीपिवळीत तो खिशातल्या सुताच्या गाठी चाचपत बसला. सांगावं तर शपथ मोडते, आणि तीही वीणेपुढची. लेक म्हणेल, चार दिवस टिकली न्हाई तुमची शपथ. मग ती जन्मात बोलायची नाही. न सांगावं, तर तीन दिवसांनी काल्याच्या मांडवात, देवापुढं, दोन हजार माणसांत ती खोट्या गोष्टीचा हार गळ्यात घालून घेणार. आणि आपण टाळ्या वाजवणार. आणि काय सांगावं, आपलंच चुकत असेल! मेंढक्या माणसानं ताऱ्यातलं काय सांगावं?

पाचवा दिवस असाच कुढत गेला.

सहाव्या दिवशी सकाळी सोमनाथ महाराज गावात आले. उद्याचं काल्याचं कीर्तन त्यांचंच. ते मंदिरामागं ओट्यावर चहा पीत बसले होते. तात्याबानं पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. सूत काढून गाठीसुद्धा दाखवल्या. महाराजांनी चहा खाली ठेवला.

"माउली, अण्णांनी तर मला सांगितलंय, उद्या त्या जगाचं बारसं करायचं. मी दृष्टांतसुद्धा बसवला की हो त्याच्यावर. नुसता पाळणा हलतोय, बाळ दिसत न्हाई, अन् त्याच्या हलण्यावरून ओळखायचं..." ते थांबले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. चांगला दृष्टांत हातचा गेला की कीर्तनकाराला काय होतं, ते तात्याबाला कळत होतं. "पोरीला सांगितलंस?"

"कसं सांगू? वीणेपुढं शपथ घेतली, तिच्यावर संशय घेणार न्हाई म्हणून."

"माझ्या तोंडून मांडवात चुकीचं गेलं, तर ते परत गोळा करायला मला शंभर गावं हिंडावी लागतील," महाराज म्हणाले. "आन् तिच्या नावावर गेलं तर तिला जन्म पुरायचा न्हाई. तू जा. शपथ मोडल्याचं पाप लागत असंल, तर ते माझ्या पदरात टाक. मी बघून घेईन त्याच्याशी. आधीच लई हायेत, एकानं काय होतंय? पण आजच सांग."

दुपारी पहारा झाला आणि तात्याबा घरी आला. उज्ज्वला लॅपटॉप उघडून उद्या बोलायचं लिहीत होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"पोरी, एक विचारू? रागावू नको. त्या खाचा सारख्या कावून न्हाईत?"

तिची बोटं थांबली. "म्हणजे?"

"एक खोल हाय, एक उथळ. एका आड एक. मला आपलं वाटतंय, तिथं एक जनावर न्हाई. दोन हायेत."

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "आलं परत! आबा, सहा दिवस. सहा दिवस सुद्धा निघाले न्हाईत! तुमाला मी कधी खरी वाटणार हाय का न्हाई? का खिडकीखाली बसून बघितल्याबिगर काई पटतच न्हाई?"

तात्याबानं पुढं होऊन सूत तिच्या पुढ्यात ठेवलं. दहा गाठी.

तिनं सूत उचललं. रागानंच उचललं. बोटांनी एकेक गाठ चाचपली आणि चाचपता चाचपता तिचे ओठ मिटले. ती लॅपटॉपकडं वळली. आतापर्यंत तिनं दहाही खाचा एकावर एक ठेवून एकच रेघ काढली होती. सगळ्यांची सरासरी. त्या सरासरीत खोल आणि उथळ मिसळून एकजीव झालेलं. आता तिनं विषम एकीकडं काढल्या, सम एकीकडं. दोन रेघा शेजारी शेजारी आल्या, एक वर, एक खाली, स्वच्छ.

चुलीजवळ मनकर्णानं भाकरी थापायची थांबवली.

"दोन तारे हायेत," शेवटी उज्ज्वला म्हणाली. "एकमेकांभोवती फिरतेत. आळीपाळीनं एकमेकांना झाकतेत. एक जास्त उजेडाचा, एक कमी, म्हणून खाच खोल-उथळ. शेजारी तिसरा मोठा तारा असणार, त्याच्या उजेडात ह्यांचा उजेड बुडतो, म्हणून खाचा ग्रहासारख्या बारीक दिसल्या." तिनं पडदा मिटला. "ग्रह न्हाई, आबा. ग्रह नव्हताच."

"चुकत असंल माझं..."

"कधी दिसलं तुमाला?"

"दुसऱ्या दिवशी."

"आन् आज सांगतासा?" आता तिचा आवाज फुटला. "चार दिवस गप बसलात? मी पाहुण्यांना फोन केले, सरांना म्हणलं काल्याचा व्हिडिओ पाठवते, आन् तुमाला ठाऊक होतं?"

"शपथ घेतलेली, उज्जे. वीणेपुढं."

"ती शपथ माझ्यावर संशय न घ्यायची होती! माझ्या कामावर घेऊ नका असं कधी म्हणलं मी? आबा, हे कामच संशयाचं हाय. सर आमाला पहिल्या दिवसापासून हेच सांगतेत, खाच दिसली की आधी तिच्यावर संशय घ्या. धूळ असंल, दुर्बिणीचा दोष असंल, दोन तारे असतील. सगळे संशय फिटले, तर मग ग्रह. जिल्ह्यातला सगळ्यांत संशयी माणूस माझ्या घरात, आन् तो नेमका ह्याच वेळी गप!"

तात्याबाला हसावं का रडावं कळेना. मनकर्णाला मात्र कळलं. ती तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच डोळेही पुसले.

संध्याकाळी रामकिसनअण्णा घरी आले. त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती. आवाज खाली नेला की माणूस ऐकतो, हे त्यांना ठाऊक.

"बाई, उद्याच्या दिवस फक्त हो म्हण. वर जाऊन कोण बघणार हाय? पुढं म्हणायचं, शास्त्रज्ञांचं मत बदललं. बदलतंच की त्यांचं."

"अण्णा, मी सरांना कळवून टाकलंय."

"सर पुण्यात हायेत. मांडव इथं हाय."

"म्हणूनच," तात्याबा मधेच बोलला. "मांडव इथं हाय, अण्णा. तिथं मी रोज रडतो. तिथं मला खोटं आणायचं न्हाई."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. "ह्यात कुणाचा हात हाय, ते मला कळंल," एवढंच म्हणून ते उठले.

काल्याच्या दिवशी मांडव भरून वाहत होता. सोमनाथ महाराजांनी पाळण्याचा दृष्टांत गुंडाळून ठेवला होता. दहीहंडी फुटायच्या आधी त्यांनी उज्ज्वलाला पुढं बोलावलं आणि माईक हातात दिला. तिनं सरळ सांगितलं. ग्रह सापडला असं वाटलं होतं, पण तो ग्रह नाही. दोन तारे आहेत. चूक माझी, आणि ती धरली माझ्या आबांनी, ह्या फ्लेक्सवर. मग तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "म्हणून हा हार आज मला घालू नका. एखाद्या दिवशी खरा सापडला, तर मागून घेईन."

मांडवात एकदम कुजबुज सुटली.

"असं कुणी सांगतं का माईकवर?"

"काईतरी लपवतेत बाप-लेक."

"सापडलंय खरं! सरकारनं दाबलं असंल."

"मी म्हणलं नव्हतं? तो गाठी मारीत होता," केसरबाई सांगत होती. "गाठी मारून ग्रह घालवला त्यानं."

परवापर्यंत ज्यांना ग्रह आहे हे खरं वाटत नव्हतं, त्यांना आता तो नाही हे खरं वाटेना. महाराज हसू दाबत होते. त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली, मृदंगावर थाप पडली, आणि 'पुंडलिक वरदे'च्या गजरात ती कुजबुज वाहून गेली. तात्याबा उभा राहून नाचला. अण्णा हंडी फुटायच्या आधीच गाडीत बसून निघून गेले.

पंगती उठल्यावर बापलेक मंदिराच्या कठड्याला टेकून बसले. उज्ज्वला अजून गप्पच. ही रागावून गप्प आहे की दमून, ह्याचा संशय तात्याबाला छळत होता, पण विचारायची टाप नव्हती. एवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं, परत वाचलं.

"सर म्हणतेत, चूक असली तरी हे लिहून ठेवायचं. तो तारा परत कुणाला फसवू नये म्हणून. त्यांच्या यादीत जाणार, हा ग्रह न्हाई, आन् चूक कुणी पकडली. विचारतेत, पकडणाऱ्याचं पूर्ण नाव काय?"

तात्याबाचे डोळे बारीक झाले.

"पूर्ण नाव? ते कशाला?"

"यादीत टाकायला."

"नुसतं 'एक मेंढपाळ' टाक. गावाचं नाव नको."

"कावून?"

"आज नाव मागतेत. उद्या आधार मागतेत. परवा फोन येतो, आलेला नंबर सांगा म्हणून. आपल्या गल्लीतल्या भुजंगच्या पोराचं असंच खातं रिकामं झालं."

उज्ज्वलानं त्याच्याकडं बघितलं आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती हसली. हसता हसता तिला उचकी लागली. मग तिनं मोबाईल गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मुक्काम चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. तात्याबा तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर पडताळत होता.